गच्चीवरचे ऊन पाणी आणि दूरची तोटी



आपल्या स्मरणिकेत दरसाल करांविषयी, हिशेबांविषयी व बाजाराच्या तेजी-मंदीविषयी विद्वत्तापूर्ण लेख येतात. आमचा धंदा नळ्या, तोट्या आणि न्हाणीघराच्या सामानाचा. तेव्हा आमच्याकडून तशा लेखाची अपेक्षा कोणी केली नसावी. तथापि हिवाळा सुरू झाला, की आमच्या दुकानाच्या पायरीवर जे गाऱ्हाणे सर्वांत अधिक वेळा ऐकू येते, त्याविषयी चार शब्द लिहावेत असे संपादक मंडळाने सुचविले व आम्ही ते मान्य केले. गाऱ्हाणे असे : घर मोठे बांधले, गच्चीवर उत्तम प्रतीचा सोलर बसविला, टाकीतले पाणी हात भाजेल इतके ऊन, परंतु खालच्या मजल्यावरच्या मागील न्हाणीघरात तोटी सोडली, की पाच-पाच मिनिटे गारच पाणी येत राहते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हाच या लेखाचा विषय आहे. त्यात आमची स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे, आणि ती आम्ही लपविणार नाही.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण बेळगावच्या जुन्या पेठांतील वाड्यांत गेले, त्यांना हे गाऱ्हाणे कधी ठाऊक नव्हते. न्हाणीतच चूल असे, चुलीवर हंडा असे. अथवा कोपऱ्यात तांब्याचा बंब असे. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी, वर थंड पाणी ओतावयाचे तोंड आणि खाली ऊन पाण्याची पितळी तोटी. बंबाच्या तोटीपासून बादलीपर्यंतचे अंतर वीतभर. धूर होता, राख होती, पहाटे उठून बंब पेटविणाऱ्या घरच्या लेकीसुनांचे कष्ट होते, हे सर्व खरे. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पाणी जेथे तापे तेथेच ते वापरले जाई, ही त्या व्यवस्थेतली एक गोष्ट आपण बंबाबरोबरच मोडीत घातली. विस्तव न्हाणीतून निघाला आणि गच्चीवर गेला. न्हाण्या मात्र एकीच्या दोन, दोनांच्या पाच झाल्या आणि घराच्या चारी कोपऱ्यांत पांगल्या. मध्ये उरली ती नळी. आजच्या गाऱ्हाण्याचे सर्व मूळ त्या नळीत आहे, सोलरमध्ये नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो; कारण ते न कळल्यामुळे पुष्कळांनी पैसे भलत्याच ठिकाणी घातले आहेत.

आता ती हकीकत. आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी १९९६ साली तीन मजली घर बांधले. नळकामाचे सामान आमच्याच दुकानातून गेले, आणि गच्चीवरून खाली येणारी ऊन पाण्याची नळी २५ मिलिमीटरची, म्हणजे बोलीभाषेत एक इंची, लोखंडी जस्तलेपित घ्यावी असा आग्रह आम्हीच धरला. मोठी नळी म्हणजे चांगली नळी, अशी त्या वेळी आमची प्रामाणिक समजूत होती. (मोठ्या नळीचे बिलही मोठे होते, हे येथे कबूल केलेले बरे.) पुढे २०१४ साली त्यांच्या मातोश्रींना जिना चढवेनासा झाला, म्हणून तळमजल्यावर मागील बाजूस त्यांच्यासाठी खोली व न्हाणीघर काढले आणि तीच २५ मिलिमीटरची नळी पुढे वाढविली. गच्चीवरील टाकीपासून मातोश्रींच्या तोटीपर्यंत एकंदर लांबी तीस मीटर झाली.

मातोश्री पहाटे पाच वाजता स्नान करून देवदर्शनास जाणाऱ्या. दोन हिवाळे त्यांनी गार पाण्याने स्नान केले आणि घरात कोणास त्याचा पत्ता नव्हता. खोकला बळावला तेव्हा सुनेने खोदून विचारले, त्या वेळी त्या म्हणाल्या, “अगं, ऊन पाणी येईपर्यंत दोन बादल्या पाणी मोरीत जातं. ते बघत उभं राहणं मला जमत नाही.” पाणी तुपासारखे वापरावे, हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, पाण्याच्या थेंबातही जीव मानणारी जी आपली परंपरा, त्या घरातील वृद्ध स्त्रीने याहून वेगळे काय करावे? मुलाने ताबडतोब दोनशे लिटरचा सोलर काढून तीनशे लिटरचा बसविला. काहीही फरक पडला नाही. मग ते आमच्याकडे आले, आणि आम्ही मोजपट्टी व बादली घेऊन त्यांच्या घरी गेलो.

नळीत किती पाणी मावते

तोटी बंद केली, की नळीत अडकलेले पाणी हळूहळू थंड होते. रात्रभरात ते पूर्ण गार होते. सकाळी तोटी सोडल्यावर प्रथम हे सर्व गार पाणी बाहेर पडल्याखेरीज टाकीतले ऊन पाणी तोटीपर्यंत पोहोचूच शकत नाही. टाकी दोनशे लिटरची असो की दोन हजार लिटरची, त्याचा येथे संबंध नाही. संबंध आहे तो टाकी आणि तोटी यांच्यामधील नळीच्या पोटाशी.

हे पोट किती मोठे, ते व्यापाऱ्याने तरी मोजून पाहावे. मध्यम जाडीच्या २५ मिलिमीटर लोखंडी नळीत दर मीटरला सुमारे ०.५८ लिटर पाणी मावते. २० मिलिमीटरच्या नळीत ०.३७ लिटर आणि १५ मिलिमीटरच्या नळीत ०.२० लिटर. गेल्या दोन-अडीच दशकांत घराघरांत आलेल्या सीपीव्हीसी नळ्यांचा आतील व्यास त्याच नावाच्या लोखंडी नळीहून कमी असतो. त्यांत अनुक्रमे सुमारे ०.४३, ०.२६ व ०.१२ लिटर मावते. व्यास दुप्पट झाला, की पोट चौपट होते. एक इंची व अर्धा इंची नळीतला फरक दिसतो त्याहून पुष्कळ मोठा आहे, तो यामुळेच.

मातोश्रींच्या तीस मीटर नळीत येणेप्रमाणे १७ लिटरांहून अधिक पाणी उभे होते. परंतु एवढ्यावर भागत नाही. लोखंडी नळी स्वतःही तापावी लागते. २५ मिलिमीटरच्या नळीचे वजन दर मीटरला जवळजवळ अडीच किलो. तीस मीटरचे सुमारे ७३ किलो. लोखंडाला तापावयास पाण्याच्या मानाने नवमांश उष्णता पुरते, म्हणजे ते लोखंड तापविणे हे आणखी आठ लिटर पाणी तापविण्यासारखेच झाले. सतरा आणि आठ मिळून पंचवीस. आम्ही बादलीने मोजले तेव्हा पाणी कोमट होईपर्यंत सव्वीस लिटर वाहून गेले. मिनिटाला सहा लिटर या वेगाने सव्वाचार मिनिटे लागली. मातोश्रींनी “दोन बादल्या” म्हटले होते. पंधरा लिटरच्या बादलीने पावणेदोन भरल्या. त्यांचे माप आमच्या मापाहून फारसे चुकले नव्हते.

यात आणखी एक नुकसान आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. स्नान आटोपून तोटी बंद केली, की तेवढेच सतरा लिटर ऊन पाणी नळीत राहून निवते. २२ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापविले असे धरले, तर त्या सतरा लिटरांत पाऊण युनिट वीज भरेल इतकी उष्णता असते. उन्हाने फुकट तापविलेले पाणी म्हणून हे सोडून द्यावे, असे कोणी म्हणेल. पण पावसाळ्यात बेळगावसारख्या गावी आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि सोलरच्या टाकीतील विजेची कांडी चालवावी लागते, तेव्हा ते फुकट राहत नाही. आणि पाणी तर कधीच फुकट नव्हते. राकसकोपचे असो की हिडकलचे, ज्या वस्तीत ते काही दिवसांआड येते तेथील गृहिणीस हे आम्ही सांगावयास नको.

लहान नळी कोठे चालते, कोठे चालत नाही

मग सगळीकडे अर्धा इंची नळी घालावी काय? येथे आमचे पुष्कळ प्लंबर बंधू मान हलवितात. नळी बारीक केली, की पाण्याचा जोर मरतो, हा त्यांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. परंतु तो सर्व ठिकाणी सारखा लागू नाही.

गच्चीवरील टाकीतून पाणी खाली येते ते स्वतःच्या उंचीच्या जोरावर. टाकी तोटीहून जितकी उंच तितका जोर अधिक. तळमजल्याच्या तोटीवर तीन मजली घरात दहा मीटरच्या आसपास उंची मिळते. सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकीच्या थेट खाली, शॉवरला जेमतेम दोन मीटर. मिनिटाला सहा लिटर पाणी १५ मिलिमीटरच्या सीपीव्हीसी नळीतून नेले, तर घर्षणापायी दर मीटर लांबीस साधारण साडेसात सेंटिमीटर उंची खर्ची पडते. २० मिलिमीटरच्या नळीत एक-सव्वा सेंटिमीटरच. आता हिशेब करा. तळमजल्यापर्यंत बावीस मीटर बारीक नळी नेली, तर वळणांसह दोन-सव्वादोन मीटर उंची खर्च होईल आणि तरीही सात-आठ मीटर शिल्लक राहील. वरच्या मजल्यावर मात्र दहा मीटर बारीक नळी घातली, की दोन मीटरांपैकी पाऊण मीटर तेथेच संपेल आणि शॉवर रडू लागेल.

म्हणजे ज्या तोटीचे अंतर उभ्या दिशेने अधिक आहे, त्याच तोटीजवळ जोर खर्च करावयास शिल्लक आहे. तेथे बारीक नळी बेलाशक घालावी. वरच्या मजल्यावर जाड नळी हवी, पण तेथे टाकी जवळच असते, म्हणून नळीचे पोट फार होत नाही. अडचण खरी होते ती रुंद पसरलेल्या घरात, वरच्याच मजल्यावर टाकीपासून आडव्या वाटेने दूर असलेल्या न्हाणीघराची. तेथे ना उंची, ना जवळीक. तशा न्हाणीघराचे पुढे सांगतो.

मातोश्रींच्या घरी आम्ही भिंती फोडल्या नाहीत. त्यांच्या एकटीच्या न्हाणीघरासाठी मागच्या भिंतीवरून बाहेरून १५ मिलिमीटरची सीपीव्हीसी नळी गच्चीवरून सरळ खाली आणली. वाट सरळ झाल्यामुळे लांबीही तीसची बावीस मीटर झाली. नळीत मावणारे पाणी पावणेतीन लिटरांहून कमी. उन्हाने ही नळी वर्षानुवर्षांत ठिसूळ होते, म्हणून तिच्यावर फोमचे वेष्टन व त्यावर पत्र्याचे आवरण घातले. दुसऱ्या दिवशी पहाटे मोजले : ऊन पाणी येण्यास अर्धा मिनिटाहून थोडा अधिक वेळ, वाहिलेले पाणी साडेतीन लिटर. नळीतल्या पाण्याहून हे थोडे अधिक भरते, कारण पुढे सरणारे ऊन पाणी गार पाण्यात काही अंशी मिसळते आणि नळीच्या भिंतीही उष्णता घेतात. हिशेब करताना पोटाच्या सव्वापट ते दीडपट पाणी धरावे, म्हणजे निराशा होत नाही. या कामाची मजुरी आम्ही घेतली नाही. ती घेणे आम्हांस शोभले नसते.

बादलीचे गणित

येथे मातोश्रींनी विचारलेला एक प्रश्न सांगण्यासारखा आहे. त्या म्हणाल्या, “मग हे साडेतीन लिटर तरी मोरीत का जाऊ द्यायचं?”

प्रश्न बिनतोड होता. पंधरा लिटरची स्नानाची बादली ४० अंशांची करावयाची, टाकीतले पाणी ६० अंशांचे आणि थंड पाणी २२ अंशांचे, तर ऊन पाणी सात लिटर आणि थंड पाणी आठ लिटर लागते. आपण काय करतो? ऊन पाण्याच्या तोटीतून येणारे पहिले गार पाणी मोरीत सोडतो आणि मग थंड पाण्याच्या तोटीने दुसरे गार पाणी बादलीत घेतो! पहिले गार पाणीच बादलीत धरावे, त्यामागून येणारे ऊन पाणी त्यावर पडू द्यावे, आणि उणे राहील तेवढेच थंड पाणी शेवटी घालावे. नळीचे पोट सहा-सात लिटरांच्या आत असेल, तर बादलीच्या स्नानात एक थेंबही वाया जात नाही. ज्या घरी बादलीने स्नान करण्याची पद्धत आहे, त्यांनी याहून अधिक खटाटोप करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. धंद्याच्या दृष्टीने हे मत आम्हांस तोट्याचे आहे, पण ते खरे आहे.

शॉवर, हात धुण्याचे बेसिन आणि स्वयंपाकघरातील सिंक यांना हे गणित लागू पडत नाही. बेसिनवर तर माणूस अर्धा लिटर पाण्यासाठी उभा असतो. त्याला ऊन पाणी मिळते ते हात धुऊन झाल्यावर.

वेष्टनाने काय होते, काय होत नाही

उष्णता रोखणारे फोमचे वेष्टन घाला म्हणजे लगेच ऊन पाणी येईल, असे सांगणारे विक्रेते आहेत. हे अर्धसत्य आहे. २० मिलिमीटरच्या उघड्या सीपीव्हीसी नळीत ६० अंशांचे पाणी उभे राहिले, तर सुमारे पंचवीस मिनिटांत ते ४० अंशांवर उतरते. तेरा मिलिमीटर जाडीचे वेष्टन घातले, तर त्याच गोष्टीस सव्वा तासाच्या आसपास लागतो. म्हणजे घरातील माणसे पाठोपाठ स्नान करीत असतील, तर दुसऱ्यास, तिसऱ्यास व चौथ्यास वेष्टनाचा फायदा मोठा. पहाटे प्रथम उठणाऱ्यास मात्र काहीच नाही. रात्रीच्या सात-आठ तासांत वेष्टन घातलेली नळीही गार होणारच. आणि प्रथम उठणारे बहुधा घरातील सर्वांत वृद्ध माणूस असते. वेष्टन अवश्य घालावे, भिंतीत नळी गाडण्यापूर्वीच घालावे, कारण मागाहून ते घालता येत नाही. परंतु ज्या रोगावर ते औषध नाही त्यासाठी ते विकत घेऊ नये.

फिरते पाणी

मोठ्या हॉटेलांत व रुग्णालयांत कोणत्याही खोलीत तोटी सोडताच ऊन पाणी येते, ते कसे? तेथे ऊन पाण्याची नळी शेवटच्या खोलीपर्यंत जाऊन थांबत नाही. तेथून एक बारीक परतीची नळी पुन्हा टाकीकडे येते, आणि लहानसा पंप ते पाणी सतत फिरवीत ठेवतो. त्यामुळे मुख्य नळी कधी गार होतच नाही. बंगला बांधताना हे पाहून आलेले सभासद आमच्याकडे तसाच पंप मागतात.

पंप लहान असतो, वीजही थोडी खातो. खर्च तेथे नाही. खर्च आहे तो सदैव ऊन राहणाऱ्या नळीचा. जाणारी व येणारी मिळून साठ मीटर नळी धरा. ती उघडी असली, पाणी ५५ अंशांचे व भोवतालची हवा २२ अंशांची असली, तर ती नळी तेराशे-चौदाशे वॉटची शेगडी होते. चोवीस तासांत सुमारे ३३ युनिटे! वेष्टन घातले, तरी ११ युनिटे जातातच. हॉटेलास हे परवडते, कारण तेथे रात्रंदिवस कोणी ना कोणी पाणी वापरीत असते. घरी सोलर असेल तर परिणाम आणखी विचित्र होतो. सायंकाळी ६० अंशांवर असलेली तीनशे लिटरची टाकी उघड्या नळीतून रात्रभर फिरविली, तर पहाटे तीस-बत्तीस अंशांवर येते. वेष्टन असले तर पंचेचाळीसच्या आसपास. दिवसभर सूर्याने भरलेली टाकी रात्रभर भिंतींना शेकीत बसते. एका सभासदांच्या घरी हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. त्यांचा समज असा होता, की सोलर बिघडला.

म्हणून घरगुती फिरत्या पाण्यास कळ हवी. न्हाणीघरात शिरताना कळ दाबावी, पंपाने मिनिट-दीड मिनिट पाणी फिरवावे, तोटीजवळचा तापमापक चाळीस अंशांच्या जवळपास आला, की त्याने पंप आपोआप बंद करावा. थांबावे लागते तेवढेच, परंतु पाणी मोरीत न जाता टाकीकडे परत जाते. परतीच्या नळीवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, जिला बाजारात एनआरव्ही म्हणतात, ती बसविण्यास विसरू नये. ती नसली, तर तोटी उघडताच परतीच्या नळीतून उलट्या वाटेने टाकीच्या तळचे थंड पाणी येते आणि पंप घालूनही पाणी कोमटच मिळते. मागे सांगितलेले वरच्या मजल्यावरचे आडवे, दूरचे न्हाणीघर, जेथे बारीक नळी चालत नाही आणि शॉवरचा आग्रह आहे, तेथे हा उपाय सर्वांत योग्य ठरतो.

परतीची नळी आता घालणे शक्य नसेल, तर आणखी एक उपाय आहे, आणि तो आम्हांस अनेकदा अधिक व्यवहारी वाटतो. दूरच्या न्हाणीघरात दहा किंवा पंधरा लिटरचा साठ्याचा गिझर बसवावा, आणि त्यास थंड पाण्याची नळी न जोडता सोलरकडून येणारी ऊन पाण्याची नळीच जोडावी. पहाटे तोटी सोडली, की गिझरमधले ऊन पाणी तत्काळ येते. त्याच्या जागी नळीतले गार पाणी आत शिरते. आणि गिझर फारसा निवण्यापूर्वी मागून सोलरचे ऊन पाणी येऊन पोहोचते. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये ६० अंशांचे पाणी असताना नळीतले आठ लिटर गार पाणी शिरले व पूर्ण मिसळले, तरी ४४ अंश उरतात. दोन किलोवॉटचा असा गिझर वीस मिनिटांत तयार होतो व पाऊण युनिटाहून कमी वीज घेतो. मात्र उन्हाळ्यात सोलरचे पाणी ६० अंशांच्या पुष्कळ वर जाऊ शकते. तेवढे ऊन पाणी आत घेण्यास तो गिझर योग्य आहे, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे, आणि त्याची सुरक्षा-झडप कधीही काढू नये.

झटपट तापविणारा, तीन किलोवॉटचा छोटा गिझर हा दुसरा प्रकार. तो बेसिनला उत्तम. स्नानास नव्हे. तीन किलोवॉटमध्ये २० अंशांचे पाणी ४० अंशांचे करावयाचे, तर मिनिटाला सव्वादोन लिटरांहून कमीच पाणी मिळते. पंधरा लिटरची बादली भरण्यास सात मिनिटे. तो जलद तापवितो, पण जलद भरीत नाही.

जे सभासद नवे घर बांधू इच्छितात, त्यांना आमची विनंती एवढीच, की नकाशा कागदावर असतानाच प्लंबरला बोलवावे. न्हाणीघरे शक्यतो एकाखाली एक यावीत, स्वयंपाकघर त्यांच्या पाठीस असावे, आणि सोलरची टाकी गच्चीच्या कडेला शोभेसाठी न ठेवता त्या उभ्या रांगेच्या डोक्यावर असावी. घराच्या रचनेत जे वाचते ते पंपाने कधी वाचत नाही. दिशा व वास्तू यांविषयी ज्यांचे आग्रह आहेत त्यांच्याशी आम्ही वाद घालीत नाही. परंतु ईशान्येस एक आणि नैर्ऋत्येस एक अशी न्हाणीघरे ठेवल्यावर मधली नळी ज्याची त्याने सोसावी.

वाट पाहावी लागू नये म्हणून टाकीतील पाणीच कोमट, ४०-४५ अंशांवर, ठेवण्याची युक्ती काही जण काढतात. ती घातक आहे. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका संमेलनात न्यूमोनियाची मोठी साथ उद्भवली, आणि पुढील वर्षी तिच्या मुळाशी लेजिओनेला नावाचा जंतू सापडला. हा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो व फवाऱ्याच्या सूक्ष्म थेंबांतून फुप्फुसात जातो. वृद्धांना त्याचा धोका विशेष. म्हणून साठा ६० अंशांवरच असावा. उलटपक्षी ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. मुले व वृद्ध यांच्या न्हाणीघरात तोटीजवळ तापमान आपोआप राखणारी मिश्रण-झडप बसवावी; ती महाग आहे, तरीही बसवावी.

शेवटी एक दोष, जो नळीचा नाही आणि म्हणून लवकर सापडत नाही. मातोश्रींची नवी नळी घातल्यास वर्ष झाले नव्हते, तोच त्यांच्या चिरंजीवांचा दूरध्वनी आला : पुन्हा गार पाणी, पहिल्याहून वाईट! आम्ही गेलो. बादली लावली. नळीत पावणेतीन लिटर मावते हे ठाऊक होते. बारा लिटर वाहिले तरी ऊन पाणी नाही. नळीच्या पोटाहून चौपट पाणी गारच येत असेल, तर गार पाणी कोठून तरी आत शिरत आहे, हे उघड होते. गच्चीवर जाऊन पाहिले, तर सोलरच्या हवेच्या नळीतून पाणी थेंबथेंब गळत होते. मग उलगडा झाला. नातवासाठी वरच्या मजल्यावर नवा हातशॉवर बसविला होता आणि त्याला जोर यावा म्हणून थंड पाण्याच्या नळीवर, केवळ थंड पाण्याच्याच, प्रेशर पंप घातला होता. मुलगा स्नान झाल्यावर हातशॉवरची कळ सोडी, पण भिंतीवरील मिक्सरच्या थंड व ऊन अशा दोन्ही चाव्या उघड्याच ठेवी. बाहेर पडण्यास वाट नाही, म्हणून पंपाच्या जोराचे थंड पाणी मिक्सरमधून ऊन पाण्याच्या नळीत शिरे, तेथून वर चढून सोलरच्या टाकीत जाई, आणि दोन्ही उभ्या नळ्या टाकीजवळ एकाच तोंडास जोडलेल्या असल्यामुळे पहाटे मातोश्रींच्या वाट्यास तेच येई.

ज्या सभासदांच्या घरी एकाएकी असे घडेल, त्यांनी प्लंबरला बोलावण्यापूर्वी सर्व मिक्सरच्या चाव्या, विशेषतः हातशॉवर व शौचालयातील जेटच्या, फिरवून बंद कराव्यात आणि रात्रभरानंतर पुन्हा बादलीने मोजावे. त्या घरी आम्ही मिक्सरच्या दोन्ही तोंडांवर एकतर्फी झडपा बसविल्या. नातवाच्या खोलीच्या दारामागे मातोश्रींनी स्वतःच्या हाताने एक कागद चिकटविला होता, “दोन्ही चाव्या बंद”. झडपा बसविल्यावरही तो त्यांनी काढू दिला नाही.